एकाच पीकखाली दोन पदार्थ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एचपीएलसी म्हणजे द्रावणातले पदार्थ एका नळीतून (कॉलम) वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणारं यंत्र; त्याचा यूव्ही डिटेक्टर त्या पदार्थांनी शोषलेला अतिनील प्रकाश मोजतो आणि आलेखावर प्रत्येकाचा एक उंचवटा, म्हणजे पीक, उमटतो. या डिटेक्टरबद्दल सोलापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. औषध कारखाना, रंगाई-धुलाईची प्रयोगशाळा, डाळिंबाचा रस, अमाइन्स अशी कामं वेगवेगळी आहेत, पण बहुतेक पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. तरंगलांबी जुन्या पद्धतीतून उतरवून घेतली जाते, आपल्या पदार्थासाठी कुणी ती निवडत नाही. निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : पॅरासिटामॉलमधल्या अशुद्धी तपासतो. रन (नमुन्याची एक फेरी) लवकर संपावा म्हणून १०० मिलिमीटरचा सी-१८ (सिलिकावर १८ कार्बनची साखळी असलेला) कॉलम वापरतो. २५४ नॅनोमीटरवर ४-नायट्रोफिनॉलचं पीक मुख्य पीकच्या शेपटीवर चढतं आणि इंटिग्रेशन (पीकचं क्षेत्रफळ) रोज वेगळं येतं. कॉलम बदलावा लागेल की डिटेक्टरमध्येच काही करता येईल? (चिंचोळी एमआयडीसी)

तुमच्या बाबतीत डिटेक्टरमध्ये करता येईल. २५४ या आकड्याचं तुमच्या पदार्थाशी काही नातं नाही. जुन्या डिटेक्टरांमध्ये कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा असे आणि त्याचा सगळ्यात ठळक प्रकाश २५३.७ वर पडे. दिवे बदलले, ड्युटेरियमचा दिवा आला, १९० पासून हवी ती तरंगलांबी मिळू लागली, तरी पद्धतींमध्ये २५४ तसाच राहिला.

आधी दोन्ही पदार्थांचा स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीला किती शोषण, याचा आलेख) घ्या, आणि तो तुमच्या स्वतःच्या मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणारं द्रावक मिश्रण) घ्या. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमची द्रावणं करा, १० मिलिमीटरची क्वार्ट्झ क्युव्हेट वापरा, ब्लँक म्हणून तीच मोबाइल फेज ठेवा आणि २०० ते ४०० स्कॅन करा. मिथेनॉलमधला पुस्तकी स्पेक्ट्रम चालत नाही, कारण द्रावक आणि पीएच बदलला की शिखर सरकतं. पॅरासिटामॉलचंच घ्या. पाण्यात ते २४३ च्या आसपास शोषण करतं, मिथेनॉलमध्ये २४९ ला जातं, अल्कलीत २५७ ला.

दोन्ही स्पेक्ट्रम एकावर एक ठेवले की उत्तर दिसेल. आम्लात ४-नायट्रोफिनॉलचं शिखर ३१७ वर आहे आणि तिथे पॅरासिटामॉल जवळपास काहीच शोषत नाही. म्हणजे ३१७ वर मुख्य पीक जवळजवळ नाहीसं होतं आणि शेपटीत अडकलेलं छोटं पीक मोकळं होतं. पण चार गोष्टी सांभाळायच्या आहेत.

पहिली, मोबाइल फेजचा पीएच ५ च्या खाली ठेवा. नायट्रोफिनॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन रूपात असतात तो आकडा) ७.१५ आहे. पीएच ७ ला त्याचा जवळजवळ निम्मा भाग आयन होऊन ४०० नॅनोमीटरला निघून जातो, आणि बफर पाव एककाने चुकला तरी क्षेत्रफळ डळमळतं.

दुसरी, "जवळपास काहीच नाही" आणि "काहीच नाही" यांतला फरक पूर्ण तीव्रतेवर कळतो. तुमचा नमुना मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेल तर तेवढ्याच तीव्रतेचं शुद्ध पॅरासिटामॉल ३१७ वर इंजेक्ट करून शेपटी कितपत उरते ते बघा. हे न बघता पद्धत लिहून मोकळे होऊ नका.

तिसरी, अशुद्धीची मोजणी तिच्या स्वतःच्या स्टँडर्डवर करा. २५४ वर काढलेला रिस्पॉन्स फॅक्टर (ठरावीक प्रमाणाला किती क्षेत्रफळ येतं तो गुणक) ३१७ वर लावला तर आकडा साफ चुकतो.

चौथी, एकच चॅनेल असलेला डिटेक्टर असेल तर टाइम प्रोग्रॅम (रन चालू असताना ठरल्या वेळी तरंगलांबी बदलणं) लावा. मुख्य पीक आपल्या तरंगलांबीवर, मग बदल, मग ऑटो झीरो. बदलाचा क्षण पुढच्या पीकपासून निदान अर्धा मिनिट आधी आणि बेसलाइन (पीक नसतानाची रेघ) सपाट असताना यायला हवा, नाहीतर पायरी पीकमध्ये घुसते. शेपटीवर चढलेल्या पीकआधी अशी सपाट जागा मिळत नसेल तर ३१७ चा वेगळा रन घ्या.

एक मर्यादाही स्पष्ट करतो. याच औषधातली ४-क्लोरोअ‍ॅसिटॅनिलाइड ही अशुद्धी पॅरासिटामॉलच्या अगदी शेजारीच शोषण करते, कारण दोघांचा रंगगट (रेणूतला प्रकाश शोषणारा भाग) एकच आहे. तिथे तरंगलांबी कितीही फिरवा, पीक वेगळं होणार नाही. तिला कॉलमवरच वेगळं करावं लागतं. स्पेक्ट्रमच वेगळा नसेल तर डिटेक्टर काय ओळखणार? म्हणून खर्चाआधी स्कॅन करा, तो दहा मिनिटांत सांगतो की पैसे कॉलमवर घालायचे की नाही.

प्रश्न : टॉवेल-चादरीच्या रंगांतल्या निषिद्ध अमाइन्स (काही रंग फुटून निघणारे घातक पदार्थ) बघतो. स्टँडर्ड अ‍ॅनिलीन, टोलुइडीन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८० ला व्यवस्थित दिसतात, पण एचपीएलसीवर २८० लावलं की पीक नावालाच येतं. फॉस्फेट बफर पीएच २.५, अ‍ॅसिटोनायट्राइल. दिवा नवा आहे. (अक्कलकोट रोड)

दिवा ठीक आहे. पदार्थच बदलला आहे.

अ‍ॅनिलीनचा शोषणाचा गुण येतो नायट्रोजनवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीमुळे. ती जोडी बेंझीनच्या कड्यात शिरते म्हणून २३० आणि २८० ला शोषण होतं. पीएच २.५ ला त्या जोडीवर प्रोटॉन बसतो, जोडी अडकते आणि स्पेक्ट्रम साध्या बेंझीनसारखा होतो, २०३ आणि २५४ ला. आकडे बघा. मोकळ्या अ‍ॅनिलीनचं मोलर शोषण २३० ला सुमारे ८,६०० आणि २८० ला १,४००. अ‍ॅनिलिनियम आयनाचं २५४ ला १६० च्या आसपास. म्हणजे तुमचा पदार्थ कॉलममधून नीट बाहेर पडतोय, फक्त डिटेक्टरला तो दिसत नाही. तुम्ही बहुधा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मिथेनॉलमधलं द्रावण बघितलं आणि एचपीएलसीवर आम्लातलं.

अ‍ॅनिलीनचा पीकेए ४.६, ऑर्थो-टोलुइडीनचा ४.४ च्या आसपास, पॅरा-क्लोरोअ‍ॅनिलीनचा ४. पीएच पीकेएपेक्षा दोनाने वर असला की ९९ टक्के अमाइन मोकळं असतं. म्हणून पीएच ७ घ्या. १ लिटर पाण्यात २.७२ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट म्हणजे २० मिलिमोलर; पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.०, मग ०.४५ मायक्रॉनमधून गाळणी. पीएच पाण्यात लावा, अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळल्यावर नव्हे. अ‍ॅसिटोनायट्राइल ६० टक्क्यांवर नेऊ नका, पोटॅशियम फॉस्फेट पंपाच्या चेक व्हॉल्व्हमध्ये खडे करून बसतं. काम संपल्यावर आधी १० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलच्या पाण्याने अर्धा तास धुवा, मगच शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल.

या बदलाने वेळा पुढे सरकतील, कारण आयन नसलेलं अमाइन कॉलमला जास्त चिकटतं. टोलुइडीनचे समघटक पूर्वी मृत आयतनाशी (कॉलमला न चिकटता सगळ्यात आधी बाहेर पडणारा भाग) गर्दी करत असतील तर आता वेगळे होण्याची शक्यता वाढते. किंमत एवढीच की पीएच ७ चं फॉस्फेट सिलिका हळूहळू खातं. कॉलम ३५ अंशांवर ठेवा, त्याहून वर नेऊ नका. सोलापुरात मे महिन्यात खोलीच ४० ला टेकते, आणि साधा कॉलम ओव्हन खोलीपेक्षा निदान पाच अंश वर असेल तरच तापमान धरतो. म्हणून एसी बंद ठेवून हे काम करू नका.

नायट्रो गट असलेल्या अमाइन्सचा पीकेए फार खाली असतो, त्यांना आम्लाने कमी फरक पडतो, आणि त्या ३८० च्या आसपास एकट्या दिसतात. पीडीए (सगळ्या तरंगलांब्या एकदम मोजणारा डिटेक्टर) असेल तर २४०, २८० आणि ३८० अशी तीन चॅनेलं एकदम घ्या. तसंच, कापडाच्या अर्कात रंग फोडायला वापरलेलं डायथायोनाइट उरलं असेल तर ते ३१५ ला जोरात शोषण करतं आणि मृत आयतनाशी येतं. ते लवकर येणारं अमाइन समजून मोजलं जाऊ नये म्हणून नुसत्या डायथायोनाइट बफरचा ब्लँक इंजेक्ट करा. युरोपीय मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे. त्याच्या जवळ आकडा आला की नुसत्या वेळेवर आणि यूव्हीवर "नापास" लिहू नका. समघटक अमाइन्सचे स्पेक्ट्रम इतके जुळतात की जीसी-एमएसने (रेणू आणि त्याचे तुकडे यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) खात्री केल्याशिवाय तो अहवाल कुणाच्या मालावर लावणं अन्यायाचं ठरेल.

प्रश्न : भगव्या डाळिंबाच्या रसात प्युनिकॅलॅजिन, एलॅजिक आम्ल आणि रंग मोजायचा आहे. २८० ला मोठं टेकाड येतं, काहीच सुटं दिसत नाही. (केगाव)

२८० ला रसातली सगळी फिनॉलिक मंडळी एकदम बोलतात. त्यांतल्या प्रत्येकाची स्वतःची जागा आहे, तिथे बघा. अँथोसायनिन, म्हणजे तुमचा लाल रंग, ५२० ला, आणि तिथे रसातलं दुसरं काही दिसतच नाही. ही जवळजवळ फुकट मिळालेली निवडकता आहे. प्युनिकॅलॅजिन ३७८ ला. त्याचं २५८ चं शिखर उंच असलं तरी तिकडे जाऊ नका, तिथे सगळे असतात. एलॅजिक आम्ल ३६७ ला. गॅलिक आम्ल २७१ ला, त्याला दुसरी जागा नाही म्हणून त्याला कॉलमवरच वेगळं करा. रस उकळला असेल तर एचएमएफ (साखर तापून होणारा पदार्थ) २८४ ला बघा.

५२० साठी डिटेक्टरमध्ये टंगस्टनचा दिवा चालू आहे ना ते तपासा, बऱ्याच ठिकाणी तो वाचवायला बंद ठेवलेला असतो. अँथोसायनिनचा लाल रंग तीव्र आम्लातच टिकतो, पीएच ४.५ च्या आसपास ते रंगहीन होतं आणि ५२० चं पीक दिसेनासं होतं. म्हणून मोबाइल फेजमध्ये ५ टक्के फॉर्मिक आम्ल. मात्र एवढं फॉर्मिक आम्ल घातल्यावर २५० च्या खाली काही वाचायचं नाही, ते स्वतःच प्रकाश पिऊन टाकतं. रसातला बेंझोएट (टिकवण्यासाठी घातलेला) २३० ला बघायचा असेल तर तो वेगळ्या रनमध्ये, फॉस्फेट बफरवर.

रस सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, पहिल्या मोबाइल फेजने दहापट पातळ करा, ०.४५ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ फिल्टरमधून सोडा आणि पहिला मिलिलिटर टाकून द्या. नायलॉनचा फिल्टर नको, पॉलिफिनॉल त्याला धरून बसतात. एलॅजिक आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे स्टँडर्ड मिथेनॉलमध्ये करा आणि विरघळलंय की नुसतं तरंगतंय ते बाटली उजेडात धरून बघा. वर्षभर कमी येणाऱ्या आकड्यांचं कारण कधी कधी बाटलीच्या तळाशी बसलेलं असतं.

प्युनिकॅलॅजिनची दोन पीक येतील. ती अल्फा आणि बीटा रूपं आहेत. एक टाकून देऊ नका, दोन्हींची बेरीज लिहा. रसातली साखर यूव्हीवर दिसणारच नाही, तिला आरआय (अपवर्तनांक मोजणारा) डिटेक्टर लागतो.

प्रश्न : पीडीए नवीन घेतला. काही पीक खाली जातात, उलटी. इंजेक्टरचा दोष आहे का?

बहुधा नाही. तुमच्या सेटिंगमध्ये रेफरन्स वेव्हलेंग्थ चालू असेल, काही यंत्रांवर ती आपोआप ३६० आणि रुंदी १०० अशी येते. म्हणजे ३१० ते ४१० मधलं शोषण प्रत्येक सिग्नलमधून वजा होतं. तुमचा रंगीत पदार्थ तिथेच शोषण करत असेल तर त्याचं पीक कमी होतं किंवा उलटं होतं. रेफरन्स बंद करा आणि तोच नमुना परत चालवा. पद्धत ठरवतानाच तो बंद ठेवावा असं आम्हाला ठाम वाटतं. त्याच पानावर बँडविड्थ (किती नॅनोमीटरचा पट्टा वाचायचा) बघा: निवडकता हवी असेल तर ४, फार तर ८. रुंदी वाढवली की आवाज (नॉइज, म्हणजे बेसलाइनची थरथर) कमी होतो, पण शेजारच्याचं शोषणही आत येतं.

प्रश्न : मग ही वजाबाकी मुद्दाम वापरून नको ते पीक घालवता येतं का?

येतं, आणि योग्य जागी ती फार कामाची आहे. समजा आड येणारा पदार्थ २६० ला २४० एमएयू (शोषणाचं एकक एयू, त्याचा हजारावा भाग) आणि ३०० ला ८० एमएयू देतो. गुणोत्तर ३. मग २६० च्या सिग्नलमधून ३०० चा सिग्नल तिपटीने वजा करा: २४० वजा ३ गुणिले ८०, उत्तर शून्य. तुमचा पदार्थ २६० ला १५० आणि ३०० ला १० देत असेल तर १५० वजा ३०, उरले १२०. आड येणारा गेला, तुमचा राहिला.

आता किंमत बघा. दोन्ही चॅनेलांचा आवाज सारखा असेल तर वजाबाकीनंतर तो १ अधिक ९ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.२ पट होतो. सिग्नल १५० वरून १२० झाला आणि आवाज तिप्पट. म्हणून गुणोत्तर २ च्या आत असेल अशी जोडी शोधा. १ मिळालं, म्हणजे आड येणारा दोन तरंगलांब्यांना सारखंच शोषण करतो, तर उत्तमच. तीच दुसरी तरंगलांबी रेफरन्स म्हणून टाकता येते. दोन्ही पदार्थ १ एयूच्या आत ठेवा, वर गेले की सरळ रेषा वाकते आणि गुणोत्तर पीकच्या टोकाला वेगळं, पायथ्याला वेगळं होतं. मधोमध खड्डा पडलेलं पीक दिसलं तर कारण हेच. गुणोत्तर आड येणाऱ्या पदार्थाच्या तीन तीव्रतांवर काढा, आणि ग्रेडियंट (रनमध्ये द्रावकांचं प्रमाण बदलत नेणं) असेल तर तो पदार्थ जिथे बाहेर पडतो तिथल्याच द्रावक मिश्रणात काढा.

स्पेक्ट्रमच्या उतारावर काम करत असाल तर तरंगलांबी १ नॅनोमीटर सरकली तरी क्षेत्रफळ बदलतं. दर महिन्याला कॅफिनचं पाण्यातलं द्रावण चालवा: २०५ आणि २७३ ला शिखर, २४५ ला दरी. दिव्याच्या स्वतःच्या रेषा ४८६.० आणि ६५६.१ ला असतात, त्या यंत्राच्या स्वयंचाचणीत दिसतात.

प्रश्न : पीक प्युरिटी (पीडीएच्या सॉफ्टवेअरची शुद्धतेची चाचणी) पास आली म्हणजे पीक शुद्ध ना? (फार्मसी विद्यार्थिनी)

नाही. पास म्हणजे चढ, टोक आणि उतार इथले स्पेक्ट्रम जुळले, एवढंच. सारख्या रंगगटाची अशुद्धी, अगदी एकाच क्षणी येणारी अशुद्धी, एक टक्क्याहून कमी असलेली अशुद्धी किंवा यूव्हीवर न दिसणारी अशुद्धी यांतलं काहीही पासमध्ये लपतं. आणि पीक १ एयूच्या वर असेल तर शुद्ध पदार्थही नापास होतो. तुम्ही ०.१ ते १ एयू ठेवा, २१० च्या खालचा भाग तुलनेतून काढा, आणि वेगळ्या पीएचवर किंवा फिनाइल कॉलमवर तोच नमुना एकदा चालवून बघा. प्रबंधात "प्युरिटी पास" याऐवजी हे दोन क्रोमॅटोग्राम जोडाल तर परीक्षकांना सांगायला तुमच्याकडे पुरावा असेल.

प्रश्न : २१० ला ग्रेडियंटमध्ये बेसलाइन चढत जाते, उन्हाळ्यात जास्तच.

मिथेनॉल वापरत असाल तर ते २०५ च्या खाली स्वतःच शोषण करतं, २१० ला ते अजून शांत झालेलं नसतं. अ‍ॅसिटोनायट्राइल घ्या, त्याची हद्द १९० आहे. टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल) असेल तर पाण्यात ०.१ टक्का आणि अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ०.०८५ ते ०.०९ टक्के घाला, म्हणजे दोन्हींचं शोषण जुळतं. आणि जमलं तर २१५ वर या. विरघळलेला ऑक्सिजनही या पट्ट्यात शोषण करतो, म्हणून डीगॅसर बंद पडला की पहिला फटका इथेच बसतो. उन्हाळ्यात चढ वाढत असेल तर एसीचा झोत डिटेक्टरवर पडतो का बघा, फ्लो सेलचं तापमान खालीवर झालं की बेसलाइन लाटा मारते. दिवा तासभर आधी लावा. आणि बोअरचं पाणी आरओ करून वापरत असाल तर त्यातला नायट्रेट तपासा. तो २०० ते २१० ला प्रचंड शोषण करतो आणि नमुना त्याच पाण्यात केला असेल तर मृत आयतनाशी एक खोटं पीक देतो.

प्रश्न : डायमिथिलअमाइन यूव्हीवर दिसेल का?

जसंच्या तसं नाही, त्यात प्रकाश शोषणारं काही नाही. त्याला एक रंगगट जोडा. एफमॉक क्लोराइड प्राथमिक आणि द्वितीयक अमाइन्सना लागतं, तृतीयकला नाही. ओपीए फक्त प्राथमिकला लागतं, म्हणून तुमच्या कामाचं नाही. सुरुवातीची मात्रा अशी: १२.४ ग्रॅम बोरिक आम्ल १ लिटरमध्ये, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ९. नमुना १०० मायक्रोलिटर, बोरेट १००, एफमॉक क्लोराइड २०० (१० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये २६ मिलिग्रॅम, रोज ताजं). १० मिनिटांनी १०० मिलिमोलर ग्लायसिन ५० मायक्रोलिटर, उरलेलं अभिकर्मक संपवायला. २६५ ला वाचा. ग्लायसिनचं आणि अभिकर्मकाच्या विघटनाचं पीक येणारच, म्हणून नमुन्याऐवजी पाणी घालून तोच ब्लँक प्रत्येक बॅचला चालवा.

बोरेटमध्ये हवेतूनही अमाइन्स उतरतात. शेजारी अमोनियाची बाटली उघडी असेल तर ब्लँकमध्येच पीक दिसेल. ती दुसऱ्या खोलीत ठेवा.